हार्ड डिस्क घेताय? आधी तपासा, मग पैसे मोजा

दिवाळी आटोपली की कर्जत तालुक्यातल्या भातगिरण्यांना उसंत मिळत नाही. कडाव, कशेळे, नेरळ या बाजूंनी भाताच्या गोण्यांचे टेम्पो येऊन उभे राहतात. कांडपाचा हिशोब, कोंड्याचा हिशोब, कोणाचे किती आले, कोणाकडे किती राहिले, हे सारे दीड-दोन महिन्यांत नोंदवायचे असते. २०२५ च्या हंगामात अशाच एका गिरणीत आम्ही गेलो होतो. गिरणीचे मालक वयाने आणि मानाने मोठे. सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणतात. समोर शेतकरी पावतीसाठी उभा आणि हाजीसाहेब कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहत बसलेले. हिशोबाचा प्रोग्राम उघडायला घेतला तो चहा आला, पिऊन झाला, पोरगा कप घेऊन गेला, तरी उघडेना.

"नवीनच घेतलाय, मुंबईहून," हाजीसाहेब म्हणाले. "दुकानदार म्हणाला, हजार जीबीची डिस्क आहे, सहा जीबीचा स्पीड आहे. हा स्पीड असेल तर आमची बैलगाडी काय वाईट होती?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. व्यापारी माणूस गोणी घेताना तिच्यात बंबू खुपसून आतला दाणा तळहातावर घेतो, दाताखाली चावून पाहतो. पण ज्या वस्तूत धंद्याचा सगळा हिशोब ठेवायचा, ती हार्ड डिस्क तो खोक्यावरचा आकडा वाचून घेतो. आम्हीही एके काळी तसेच घेत होतो. ती कशी तपासावी, हे पुढे खोपोलीत घडलेल्या एका प्रकारामुळे शिकावे लागले. तो प्रकार ओघात सांगूच.

हा विषय आता काढण्याला एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा बंद केला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर रीतसर चालत नाही. म्हणून मोठ्या कार्यालयांतून चांगल्या स्थितीतले कॉम्प्युटर निघतात आणि जुन्या मालाच्या बाजारात येतात. कर्जत-खोपोलीचा दुकानदार लोकल धरतो, लॅमिंग्टन रोडला जातो आणि निम्म्याहून कमी किमतीत एखादा संच घेऊन येतो. यात गैर काही नाही. प्रोसेसर, मेमरी हे भाग सहसा झिजत नाहीत. झिजते ती हार्ड डिस्क, कारण तिच्या आत खरोखरच चाक फिरत असते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगणारा वाचक काटा, असे ते यंत्र आहे. हाजीसाहेबांचा संच नवीन नव्हता, पुसून-धुऊन नवीन केलेला होता. हे त्यांना विकताना कोणी सांगितले नव्हते.

सहा जीबीचे गौडबंगाल

आधी त्या सहा जीबीचा उलगडा करू. डिस्कच्या लेबलवर हा आकडा छापलेला असतो आणि तो खोटा नसतो. पण तो डिस्कचा वेग नव्हे, ज्या केबलने डिस्क जोडतात त्या साटा जोडणीची क्षमता आहे. शिवाय तो बिटमध्ये आहे, बाइटमध्ये नाही. हिशोब केला तर केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त ६०० एमबी जाऊ शकतात. घरगुती डिस्क प्रत्यक्षात देते दीडशे-दोनशे एमबी, जुनी असेल तर शंभर. द्रुतगती महामार्ग खालापुरातून जातो म्हणून खालापुरातली प्रत्येक गाडी शंभरच्या वेगाने धावते असे नाही. रस्ता वेगळा, गाडी वेगळी.

दुसरी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो, ती म्हणजे हजार जीबी सांगून ९३१ दिले. इथे मात्र दुकानदार निर्दोष असतो. कारखानदार एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, म्हणून तोच माल ९३१ दिसतो. मणाचे माप गावोगाव वेगळे असायचे, तसाच हा प्रकार. यावरून कोणाशी भांडू नये.

खरी गोम वेगळीच आहे. सेकंदाला दीडशे एमबी हा वेग एका सलग मोठ्या फाइलचा आहे, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ उतरवून घ्यायचा असेल तेव्हाचा. हिशोबाचा प्रोग्राम तसे काम करत नाही. तो इथून एक नोंद उचलतो, तिथून दुसरी, तिसरीकडून ग्राहकाचे नाव, चौथीकडून मागची बाकी. प्रत्येक वेळी काट्याला नव्या जागी जावे लागते आणि मग ती जागा फिरत काट्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्याला हे सांगायला नको. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी असा पंधरा किलोमीटरचा प्रवास. गाडीत बसल्यावर फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो फलाटावर पुढच्या लोकलची वाट पाहण्यात.

डिस्कचेही अगदी तसेच आहे. ७२०० फेऱ्यांची तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणून सरासरी निम्मा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. ५४०० वाल्या डिस्कला हाच वेळ ५.६ मिलिसेकंद लागतो. त्यात काटा सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवा. एका नोंदीला तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला पंच्याहत्तर-ऐंशी नोंदी फार झाल्या. प्रत्येक नोंद चार केबीची धरली तर सेकंदाला एक एमबीदेखील भरत नाही! दीडशे एमबीची डिस्क दुकानदाराच्या कामाला बसली की अर्ध्या एमबीवर येते, ती अशी.

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे पहिले हार्ड डिस्क यंत्र आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि साठा होता ५० लाख अक्षरांचा. एखादी नोंद शोधायला त्याला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आजची साधी एक टीबीची डिस्क त्याच्या दोन लाख पट साठवते, पण नोंद शोधायला घेते तेरा मिलिसेकंद. सुमारे सत्तर वर्षांत कोठार दोन लाख पटींनी वाढले आणि कोठारातून पिशवी आणून देणारा हमाल पन्नास पटदेखील वेगवान झाला नाही. खोक्यावर छापतात ते कोठार. आपल्याला रोज गरज पडते ती हमालाची.

तपासणी कशी करावी

आता हाजीसाहेबांच्या गिरणीत परत येऊ. त्यांच्या डिस्कची गती मोजायची म्हणून आम्ही बसलो, पण आधी एक काम केले. हिशोबाचे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. आजारी दिसणाऱ्या डिस्कवर कोणतीही परीक्षा घेण्याआधी हे करायचेच, आणि याचे कारण आम्ही खोपोलीत पाहिले होते.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे तिथे लोखंड-सिमेंटचे दुकान आहे. फार्महाऊस बांधणारे ठेकेदार हेच त्यांचे मुख्य गिऱ्हाईक आणि सगळा व्यवहार उधारीचा. कॉम्प्युटर अडखळू लागला तेव्हा त्यांनी दुरुस्तीवाल्या पोराला बोलावले. पोरगा मेहनती, पण घाईचा. "चाचा, चेकडिस्क लावतो, रात्रभर चालेल, सकाळी मख्खन," असे म्हणून त्याने विंडोजमधली संपूर्ण पृष्ठभाग तपासणारी आज्ञा चालू केली आणि तो निघून गेला. आम्हीही तिथेच होतो. शहाणपण सुचले नाही. मरणाला टेकलेल्या डिस्कच्या काट्याला रात्रभर प्रत्येक कोपरा खरवडायला लावल्यावर व्हायचे तेच झाले. सकाळी डिस्कमधून फक्त टक-टक आवाज येत होता. माहिती परत काढून देणाऱ्या मुंबईच्या एका प्रयोगशाळेने सांगितलेली रक्कम दुकानाच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त होती, शिवाय खात्री नाही ती नाहीच. दोन वर्षांची उधारी बिलांच्या कार्बन प्रती, ट्रकवाल्यांची चलने आणि मोबाइलवरचे निरोप जुळवून पुन्हा लिहावी लागली. जे ठेकेदार सचोटीचे होते त्यांनी आपणहून आकडे सांगितले. बाकीच्यांविषयी न बोललेले बरे.

म्हणून आधी नक्कल, मग परीक्षा. परीक्षेतही क्रम आहे. पहिल्यांदा डिस्कची स्वतःची नोंदवही वाचायची. प्रत्येक डिस्क आपल्या दुखण्यांची नोंद आतल्या आत ठेवत असते, तिला स्मार्ट नोंदी म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा जपानी प्रोग्राम त्या नोंदी एका पानावर दाखवतो. वर निळ्या चौकटीत 'गुड' असे लिहून येते आणि बहुतेक दुकानदार तेवढेच दाखवून खिडकी बंद करतात. तिथे थांबू नये. खालचा तक्ता पाहावा.

०५ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर. सी-५ म्हणजे वाचताना अडलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी-६ म्हणजे जे वाचताच आले नाहीत ते. या तिन्हींपुढे शेवटच्या रकान्यात शून्य हवा. प्रोग्राम हा रकाना सोळाच्या अंकपद्धतीत दाखवतो, त्यामुळे '१ए' दिसले तर ते २६ समजावे. मेनूत जाऊन हे दशमान पद्धतीत बदलता येते आणि बदलून घ्यावेच. सी-७ ची नोंद मात्र वेगळी आहे. ती बहुधा केबलच्या दोषाने वाढते. डिस्क बदलण्याआधी साधी केबल बदलून पाहा, कित्येकदा तेवढ्यावर काम भागते. केबल चांगली असताना डिस्क फेकून दिलेली आम्ही पाहिली आहे, आणि दुसऱ्या दिवशी नवी डिस्कही तशीच रखडलेली.

हाजीसाहेबांच्या डिस्कच्या सी-५ नोंदीत शून्य नव्हता. वर 'कॉशन' असा पिवळा शेरा होता. गिरणीतल्या कोणालाही तो कधी दिसला नव्हता, कारण पाहा म्हणून सांगितलेच कोणी नव्हते.

त्यानंतर गती. एचडी ट्यून या प्रोग्रामची २००८ ची मोफत आवृत्ती आजही या कामाला पुरते. ती फक्त वाचते, लिहीत नाही, म्हणून डिस्कवरच्या मालाला तिच्यापासून धोका नाही. दोन-चार मिनिटांत ती एक आलेख काढते. निरोगी डिस्कचा आलेख डावीकडे उंच सुरू होतो आणि उजवीकडे सावकाश उतरत जातो, बोरघाटातून गाडी खाली यावी तसा. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त माल मावतो, आतल्या बाजूला कमी. त्यामुळे शेवटचा वेग सुरुवातीच्या जवळजवळ निम्मा असणे हा दोष नव्हे, ती तबकडीची भूमिती आहे. दोष असतो तो मधल्या खड्ड्यांत. रेघ अचानक तळाला जाऊन वर आली, तर त्या जागी काटा पुन्हापुन्हा प्रयत्न करत आहे असे समजावे.

पण एका खड्ड्यावरून निकाल देऊ नका. तपासणी पुन्हा चालवा. खड्डे त्याच जागी आले तर डिस्क दोषी. जागा बदलली तर मागे अँटीव्हायरस किंवा विंडोजचे अपडेट चालू आहे, ते थांबवून मोजा. ॲक्सेस टाइम या नावाने जो आकडा येतो तो बारा ते सोळा मिलिसेकंदांच्या आसपास असावा. ५४०० वाली असेल तर थोडा अधिक चालेल. आम्ही सगळ्यांत आधी याच आकड्याकडे पाहतो, कारण हमालाची चाल सांगतो तो हाच.

मोजण्यातही लबाडी होऊ शकते, कधी जाणूनबुजून, कधी अज्ञानाने. एखादी फाइल दोनदा कॉपी करून दाखवली तर दुसऱ्या वेळी ती डिस्कवरून येतच नाही, कॉम्प्युटरच्या मेमरीतून येते आणि वेग भलताच मोठा दिसतो. रिकाम्या डिस्कवर छोट्या फाइलची चाचणी घेतली तर सगळे काम बाहेरच्या वेगवान कडेलाच होते. उलट प्रकारही घडतो. जुन्या यूएसबी २ च्या पेटीत घालून तपासली तर उत्तम डिस्कही तीस-चाळीस एमबीच्या वर जात नाही आणि बिचारी नापास ठरते. जिथे वापरायची त्याच जोडणीवर तपासणे हा सरळ मार्ग.

आणखी एक गोष्ट. आजच्या काही डिस्कमध्ये कौलांसारखे एकावर एक पट्टे चढवून लिहितात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. वाचताना फरक कळत नाही, पण बराच वेळ सलग लिहू लागलात की वेग एकाएकी ढासळतो. डिस्क बनवणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी अशी काही मॉडेल्स तसे स्पष्ट न सांगता विकली होती, हे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. त्यावर ओरड झाल्यानंतर याद्या प्रसिद्ध झाल्या. घेण्याआधी मॉडेलचा नंबर त्या यादीत पाहून घ्यावा. नक्कल ठेवायला अशी डिस्क चालते, रोजच्या कामाला नको.

तासांचा हिशोब

जुनी डिस्क किती वापरली आहे हे सांगणाऱ्या दोन नोंदी असतात. एकूण किती तास चालली आणि किती वेळा चालू केली. दोन्ही एकत्र वाचाव्यात, म्हणजे डिस्कचा पूर्वेतिहास कळतो. दुकानातला कॉम्प्युटर दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस चालला तर वर्षाचे तीन हजार तास होतात. अखंड चालणारी डिस्क वर्षाला ८७६० तास भरते. समजा तास २६ हजार आहेत आणि चालू केल्याची संख्या जेमतेम चाळीस. याचा अर्थ ती तीन वर्षे रात्रंदिवस फिरत होती. अशी डिस्क बहुधा सर्व्हरमधून किंवा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून निघालेली असते.

हे आपल्या भागात विशेष लक्षात ठेवावे. कर्जत-खालापुरात फार्महाऊस, रिसॉर्ट, गोदामे आणि कारखाने यांची दाटी झाली आहे आणि प्रत्येकाच्या फाटकावर कॅमेरे आहेत. रेकॉर्डर बदलला की त्यातली डिस्क निघते, आणि निघालेली डिस्क कुठेतरी बसतेच. रेकॉर्डरची डिस्क वाईट असते असे नाही. पण ती सावकाश फिरणारी आणि सलग लिहिण्यासाठी बनवलेली असते, हिशोबाच्या धावपळीची तिला सवय नसते. त्यातून तीन वर्षे उन्हात तापलेल्या चौकीत काढलेली असली तर विचारायलाच नको.

हे तासही पुसता येतात, ही यातली गंभीर बाब. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाइझे या तंत्रज्ञान-प्रकाशनाने उघडकीस आणले की सीगेट कंपनीच्या वापरलेल्या डिस्क तासांची नोंद शून्य करून नव्या म्हणून विकल्या जात होत्या. २०२१ मध्ये चिया नावाचे एक डिजिटल चलन निघाले, ते मिळवण्यासाठी लोकांनी हजारो डिस्क अखंड राबवल्या होत्या. हा माल बराचसा तिथलाच असावा असा संशय व्यक्त झाला. चोरी पकडली गेली ती डिस्कमधल्या दुसऱ्या एका नोंदवहीमुळे. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते आणि पुसणाऱ्यांनी ती तशीच ठेवली होती. स्मार्टसीटीएल हा मोफत प्रोग्राम, ७.४ किंवा पुढची आवृत्ती, ती नोंद वाचून दाखवतो. एका वहीत शून्य आणि दुसरीत हजारो तास असतील तर मापात पाप आहे. मीटर मागे फिरवलेली रिक्षा आपण ओळखतो, डिस्कही ओळखायला शिकले पाहिजे.

वीज आणि पाऊस

खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाते. आणि याच पट्ट्यात पावसाळ्यातल्या एखाद्या वाऱ्याच्या रात्री तार तुटली की दुकानदार मेणबत्ती शोधत बसतो. चालू डिस्कची वीज अचानक गेली तर काय होते? फिरणाऱ्या तबकडीच्या उरलेल्या गतीवरच डिस्क क्षणभर वीज निर्माण करते आणि तेवढ्यात काटा सुरक्षित जागी नेऊन ठेवते. ही करामत मोठी आहे, पण लिहीत असलेली नोंद अर्धवट राहू शकते, आणि असे धक्के मोजलेही जातात. बऱ्याच डिस्कमध्ये सी-० या क्रमांकाखाली हा आकडा दिसतो. हाजीसाहेबांच्या डिस्कवर तो चांगलाच फुगलेला होता. संच मुंबईत होता तेव्हाचे धक्के किती आणि गिरणीतले किती, हे मात्र वेगळे करता येत नाही. गिरणीत मोटार सुरू होताना दिवे मंद होतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. कॉम्प्युटरला छोटा यूपीएस लावा, असे त्यांना तिथेच सांगितले. भाताच्या तुसाने पंखा बुजला होता, तोही साफ करायला लावला. डिस्कचे तापमान पन्नास अंशांच्या खाली राहावे, एप्रिल-मेमध्ये त्याकडे जास्त लक्ष द्यावे.

आणि पाणी. जुलै २००५ च्या आणि जुलै २०२१ च्या पुरांत उल्हास नदीच्या काठाने किती दुकाने बुडाली हे कर्जतकरांना सांगायला नको. कॉम्प्युटर टेबलाखाली जमिनीवर ठेवायची पद्धत सगळीकडे आहे. ती इथे तरी मोडावी.

तपासणीत पास झालेली डिस्क उद्या जाणार नाही असा याचा अर्थ नाही. गूगल कंपनीने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष निघालेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यात आढळले. पण त्याच अभ्यासात हेही निघाले की बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कमध्ये मुख्य चार धोक्याच्या नोंदींपैकी एकही उमटली नव्हती. म्हणजे दोष दिसला तर डिस्क काढा. दिसला नाही तरी नक्कल ठेवाच, आणि तीही दुकानाबाहेर, घरी. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. डिस्क बंद पडली ही सबब तिथे ऐकली जात नाही.

हाजीसाहेबांनी शेवटी काय केले? फिरता भागच नसलेली छोटी एसएसडी घेतली आणि हिशोबाचा प्रोग्राम तिच्यावर घेतला. तिच्यात काटा नाही, फेरा नाही, त्यामुळे बारीक नोंदी वाचण्याचा वेग अर्ध्या एमबीवरून वीस-तीस एमबीवर गेला. पावती आता शेतकरी गोणी उतरवेपर्यंत तयार असते. रोजची नक्कल ठेवायला त्यांनी एक साधी हार्ड डिस्कही घेतली. ती घ्यायला या वेळी स्वतः गेले, आमची चिठ्ठी खिशात घालून. दुकानदाराने "चाचा, सीलबंद आहे, तपासायचे काय?" असे विचारले. हाजीसाहेब म्हणाले, "बेटा, सीलबंद गोणीतही आम्ही बंबू घालतो." पंधरा मिनिटांत नोंदवही पाहून झाली, आलेख काढून झाला. संपूर्ण पृष्ठभागाची तपासणी गिरणीत आणून केली. एक टीबीच्या डिस्कला सेकंदाला १३० एमबीच्या सरासरीने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. सगळे चौकोन हिरवे आले. एकही लाल निघाला असता तर सात दिवसांत बदलून देण्याची अट त्यांनी बिलावर आधीच लिहून घेतली होती.

बिलाविषयी थोडे. जुना माल घेताना बरेच जण कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतात. त्याऐवजी पक्के बिल घ्यावे, त्यावर डिस्कचा मॉडेल क्रमांक, सिरियल क्रमांक, त्या दिवशी दिसलेले तास आणि 'वापरलेली' की 'नवीन' हे स्पष्ट लिहून घ्यावे, पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा एरवी लागू होत नाही, पण स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सूट आहे. लहान दुकानदाराला या सवलतीचा आधार घेता येतो, मात्र हातात बिल हवे. हाजीसाहेबांच्या पहिल्या संचाचे बिल आम्ही मागितले तेव्हा त्यांनी गल्ल्यातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर फक्त रक्कम होती आणि खाली लिहिले होते, 'कॉम्प्युटर, १ नग'.